उपवासाचं दळण

आमच्या ह्यांचं नाव बजरंग. सासूबाईंनी नवसानं ठेवलेलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मला लग्नाआधी नुसती पाठ होती, लग्नानंतर समजली. खऱ्या बजरंगानं डोंगर उचलला. आमच्या ह्यांना गव्हाचं पोतं उचलायचं म्हटलं की आधी कंबर आठवते, मग मी आठवते.

नेकनूरहून आत आलं की आमचं गाव लागतं आणि गावाच्या तोंडाशीच आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीचं काम कंटाळवाणं असतं, हे मी नाकारत नाही. डबा घ्या, वर ओता, खाली पीठ धरा, डबा परत द्या, की पुढचा डबा. दिवसभर एकच घरघर. पण कंटाळा मलाही येतो. मला कंटाळा आला की मी भांडते, लसूण सोलते, नाहीतर शेजारी जाऊन बसते. हे तसं करत नाहीत. हे फिरत्या पट्ट्याकडं बघत उभे राहतात आणि निघून जातात. शरीर इथंच, भुवयांवर पीठ, आणि माणूस भलतीकडं.

कुठं जातात, ते मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सरळ विचारलं. लाजत लाजत सांगितलं. कधी गावात बिबट्या शिरलेला असतो आणि हे नुसत्या खोऱ्यानं त्याला पिटाळतात. कधी पुरात अडकलेली माणसं काढतात. कधी कुणीतरी मोठा मंत्री गावावर अन्याय करत असतो आणि हे भर सभेत उठून त्याला असं काही सुनावतात, की मंत्री खाली मान घालतो. आता तर मला विचारायचीही गरज उरलेली नाही. बिबट्या असला की हे एका पायावर भार देऊन उभे राहतात. पूर असला की गाल फुगवून श्वास धरतात. भाषण असलं की आधी उजवी भुवई वर जाते, मग ओठ हलतात, मग हात कोपरातून उठतो. बावीस वर्षं बघतेय, ओठांवरून अख्खं भाषण वाचता येतं मला.

"पुरात बुडत कोण असतंय?" मी तेव्हा विचारलं होतं.

"तू," हे म्हणाले. वर कौतुकानं हसले.

माझं डोकंच फिरलं. माझं माहेर नांदूरघाटचं. भावांनी पाठीला वाळका भोपळा बांधून लहानपणीच मला विहिरीत ढकललेलं, मी उभ्या विहिरीत सूर मारायचे. आणि हे? नारायणगडाला गेलतो तेव्हा कुंडाच्या पायरीवर पाय धुताना यांनी माझा पदर धरला होता. "मी कावून बुडंल?" मी म्हटलं. "बुडायचं आसंल तर तुमी बुडा, मी काढते." त्यावर म्हणाले, "तसं न्हाई जमत त्यात." तेव्हापासून गेली वीस वर्षं मी त्या पुरात बुडतेच आहे.

बरं, मनातल्या मनात काय ते करा, पण त्याची भरपाई मला करावी लागते. मुक्ताबाईच्या ज्वारीचा भरडा केला, का, तर बिबट्या. कुणाच्या बेसनावर कुणाची बाजरी ओतली, का, तर मंत्री. मग मी जाऊन गोड बोलायचं, घरातलं पीठ द्यायचं, वरून चहा पाजायचा. गिऱ्हाईकं मला म्हणतात, "माया, तू हायेस म्हणून गिरणी हाय." ऐकायला बरं वाटतं, पण हाडं माझी झिजतात.

तर या नवरात्राची गोष्ट.

उपवासाच्या दळणाचा एक नेम असतो. ते धान्यावर दळायचं नाही. गहू-ज्वारीनंतर त्याच दगडात भगर टाकली, तर आत राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं, आणि ते पोटात गेलं की उपवास मोडला. म्हणून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही गिरणी उघडतो, दगड झाडतो, पत्र्याचा डबा पुसतो, पीठ पडायच्या तोंडाला जी कापडी पिशवी बांधलेली असते ती बदलतो. मग पहिली मूठभर भगर दळून गाईला घालतो. त्यानंतर उपवासाची सगळी दळणं, आणि ती संपली की मग बाकीचं धान्य. हे काम यांच्याकडं. वर्षात एवढं एकच काम असं आहे की ज्यात चूक झालेली चालत नाही.

या वर्षी मी आदल्या दिवशी विचारलं, "गिरणी पुसली का?" म्हणाले, "हो." घटस्थापनेच्या सकाळी मी घटाला काळी माती आणायला गेले. परत येते तर गिरणी चालू, हे पट्ट्याकडं बघत उभे, आणि खाली पिशवीला पिवळट गव्हाचं जुनं पीठ चिकटलेलं. तीच पिशवी. कालची, परवाची, गेल्या महिन्याची.

"पिशवी बदलली न्हाई?" मी ओरडले.

मी बटण बंद केलं, तेव्हा कुठं हे परत आले.

"बदलायचीच होती," म्हणाले. "तेवढ्यात ते..." गाल अजून थोडे फुगलेलेच होते. म्हणजे काल संध्याकाळी मी पुन्हा बुडाले होते.

"आज कुणाची भगर दळली?"

"तुळजाबाईची. धनश्री घेऊन गेली. बाकीच्यांनी दुकानातून पीठच आणलंय."

दुसरं कुणी असतं तर मी हात जोडून निस्तरलं असतं. तुळजाबाईचा नातू जन्मला तेव्हा जगेल असं वाटत नव्हतं. म्हातारीनं देवीला शब्द दिला, पोर जगू दे, बारा वर्षं नवरात्र धरीन, दिवसातून एकदा भगरीची एक भाकरी, दुसरं काही नाही. पोरगा आता सायकल उडवत गावभर फिरतो. हे बारावं वर्ष होतं. त्यात मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि म्हातारी पंचाहत्तरीची.

"पळा," मी म्हटलं. "तिनं घास तोंडात घालायच्या आत पोचा. एवढंच सांगा, पिठात गहू आलाय, खाऊ नका, दुसरं देतो. पळा!"

हे पळाले. मी पण मागं पळाले, कारण यांना एकटं पाठवायचं म्हणजे रस्त्यात कुठं थांबतील याचा नेम नाही. आणि तसंच झालं. चावडीच्या कोपऱ्यावर पावलं मंदावली. मागून मला दिसलं, उजवा हात कोपरातून उठला. "अहो, चला!" मी ओरडले. हे पुन्हा पळाले, पण आता पळण्याची तऱ्हा वेगळी होती. चुकलेला माणूस असा छाती काढून पळत नाही.

तुळजाबाईच्या अंगणात मी पोचायच्या आधीच आवाज आला.

"थांबा आई! टाका तो घास! घात हाय त्यात, घात!"

मी दारातून पाहिलं. म्हातारीचा हात तोंडापाशी तसाच उघडा राहिलेला. यांनी घास हिसकून अंगणात फेकला होता, पाठोपाठ ताटातली भाकरीही. कोंबड्या त्यावर तुटून पडल्या होत्या. घास तोंडात गेला नव्हता, हे मी आधी बघून घेतलं. देवीनं लाज राखली.

"कसला घात, भाऊजी?" तुळजाबाईची सून धनश्री घाबरून म्हणाली.

यांनी तोंड उघडलं. खरं सांगते, त्या क्षणी यांनी "गहू" एवढा एक शब्द उच्चारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण यांच्यासमोर गल्ली गोळा झाली होती, सगळे यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि यांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या मुक्ताबाईनं पोट धरलं. "तरीच," ती म्हणाली. "मला सकाळपासून मळमळाया लागलंय. मी बी भगरच खाल्ली की."

आमच्या भागात उपवासाला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी ऐकलेल्या. मुक्ताबाई ओकली. तिला बघून तिची जाऊ ओकली. मग पलीकडच्या आळीतून कुणाचे तरी हातपाय गार पडल्याची खबर आली. "गहू हाय त्यात, नुसता गहू!" मी नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होते. कुणी ऐकतंय? लोक जीप बोलवत होते. मी म्हटलं, अहो त्या कोंबड्यांकडं तरी बघा, अख्खी भाकरी खाल्ली त्यांनी. त्या कोंबड्यांनी दुसऱ्या दिवशी अंडीसुद्धा दिली, पण अंड्याला विचारतो कोण.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांची नाडी बघितली आणि म्हणाले, सगळे ठीक आहेत, घरी न्या. पण सलाईन लावल्याशिवाय आमच्या गावाला दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. सरपंच सुंदरराव हटून बसले. शेवटी थोडं थोडं सलाईन लागलं, सगळे रात्रभर तिथंच राहिले आणि सकाळी उन्हात केस विंचरत परत आले. सगळ्यांच्या तोंडी एकच. बजरंगनं गाव वाचवलं.

भगर सगळ्या गावानं आप्पारावच्या दुकानातून नेलेली. मग काय, चोर सोडून संन्याशाला सुळी. भेसळवाले, म्हणजे भेसळ तपासणारे सरकारी लोक, आले, आप्पारावच्या पोत्यांतून नमुने घेऊन गेले, आणि तपासणीचा कागद येईपर्यंत दुकान बंद ठेवा म्हणून सांगून गेले. ऐन नवरात्रात. लोक त्याच्या ओट्यासमोरून जाताना थुंकायला लागले. आप्पाराव यांचा बालमित्र. शाळेत एका पाटीवर लिहिलेले दोघं, आणि रोज दुपारी तो आमच्याच गिरणीत पिठाच्या पोत्यावर बसून चहा प्यायचा.

"आत्ता जावा आन् सरपंचाला सांगा," मी म्हटलं.

"जातो," हे म्हणाले. "चहा घेऊन जातो."

चहा झाला. मग म्हणाले, उद्या सकाळी जातो. उद्या सकाळी पेपरवाला आला आणि यांचा गिरणीसमोर फोटो काढला, एक हात पट्ट्यावर ठेवून. मग म्हणाले, आज नको, आज बरं दिसणार न्हाई. तिसऱ्या दिवशी सुंदररावांनी निरोप धाडला, अष्टमीला देवीच्या मांडवात बजरंगचा सत्कार करायचाय, शाल, श्रीफळ, फेटा. तेव्हा यांनी जो सुस्कारा टाकला तो ऐकून माझ्या हातातलं लाटणं उठलं होतं, सणाचे दिवस म्हणून खाली ठेवलं.

कुणी म्हणेल, मग तूच का नाही सांगितलंस? सांगणार होते. चप्पल घालून दोनदा दारापर्यंत गेले. पण बावीस वर्षं यांनी सांडलेलं मीच भरतेय. मी सांगितलं असतं तर गाव म्हणालं असतं, मायानं निस्तरलं बघ, आणि हे पट्ट्याकडं बघत बिबट्या मारायला मोकळे. मी म्हटलं, "अष्टमीपर्यंत. त्या मांडवात तुमी न्हाई बोललात, तर मी बोलणार. मग फेटा बांधलेला आसंल तर आसंल."

पाचव्या माळेच्या दुपारी आप्पाराव गिरणीवर आला. दाढी वाढलेली. पोत्यावर बसला नाही, दारातच उभा राहिला.

"बजा," तो म्हणाला, "तुला पिठात काय दिसलंतं रे? वास आलता का?"

यांनी रिकामा डबा उचलून परत ठेवला.

"मी सगळी पोती उपसून बघितली. मला तर काय दिसत न्हाई. पण एवढ्या माणसांना झालं म्हंजे आसंलच ना कायतरी. मीच खराब माल दिला का बे? खरं सांग, तू माझा दोस्त हायेस." आणि म्हणाला, "म्हातारीला काय झालं आसतं तर मी विहीर जवळ केली असती. तू होतास म्हणून."

मी यांच्याकडं बघत होते. हाताची मूठ आवळलेली, मानेची शीर वर आलेली. आता बोलतील, मला वाटलं. मग उजवी भुवई वर गेली, ओठ हलायला लागले, आणि मला कळलं, गेले. आप्पाराव समोर उभा असताना हे आत कुठंतरी त्याच्याशीच बोलायला निघून गेले होते. तो बिचारा उत्तराची वाट बघून निघून गेला. मी चिडून रडले. मला चिडले की रडू येतं, ही माझी जुनी खोड.

"काय म्हणालात त्याला, आत?" मी विचारलं.

"सगळं," हे म्हणाले आणि खाली बसले.

अष्टमीला संध्याकाळी आरतीआधी मांडव भरला. मी पहिल्या रांगेत बसले, मुद्दाम, यांच्या डोळ्यांसमोर. सूत्रसंचालन शाळेच्या गुरुजींकडं. त्यांनी यांच्यावर चारोळी केली होती, तिच्यात "बजरंग" आणि "रणरंग" असं जुळवलेलं. सुंदररावांनी फेटा बांधवला, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. दवाखान्यातून परत आलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मुक्ताबाई सगळ्यांत जोरात. मग गुरुजींनी माईक यांच्या हातात दिला.

मी यांच्याकडं बघितलं. यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

उजवी भुवई वर गेली.

"देवा," मी म्हटलं. ओठ हलायला लागले. माईक तोंडासमोर, चालू, त्यातून नुसता श्वास येत होता. मी ओठ वाचत होते. गावकऱ्यांनो, पहिला शब्द. मग गिरणी. मग गहू. मग आप्पाराव, हे दोनदा. हात उठला, छातीवर आला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकं सुंदर भाषण मी यांच्या ओठांवर कधी वाचलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर बाहेर येत नव्हतं. शेवटी यांनी दोन्ही हात जोडले, माईक गुरुजींना दिला आणि खुर्चीत जाऊन बसले.

मांडवाला वाटलं, गडी गहिवरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. "खरे वीर बोलत नसतात!" गुरुजी ओरडले.

खुर्ची माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती. हे पुढं वाकले. कपाळावर घाम, पण तोंड शांत, एखादं मोठं ओझं उतरलेल्या माणसासारखं.

"बोललो एकदाचं," मला म्हणाले. "मोकळं झालं."

मला यांची कीव आली आणि त्याच वेळी तो नारळ यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

"काय बोललात?" मी म्हटलं. "एक शब्द भाईर आला न्हाई. ओठ हलले नुसते."

हे हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मांडवावर नजर टाकली. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणी उठलेलं नव्हतं. अगदी मागं, दोरीच्या बाहेर, मांडवाच्या खांबाला टेकून आप्पाराव उभा होता. आत येऊन बसायची त्याची छाती झाली नसावी. तो पण टाळ्या वाजवत होता.

यांचा चेहरा उतरताना मी पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे जिथं बसले होते तिथंच होते.

"मी उठू?" मी पदर खोचला.

"थांब," हे म्हणाले. "तू नको."

आणि उठले. गुरुजी पुढच्या सत्काराचं नाव घेत होते, माईक त्यांच्याकडंच. यांनी माईक मागितला नाही. स्टेजवरून उतरले, बायकांच्या रांगांमधून वाट काढत मागं गेले. फेट्याचा शेमला कुणाच्या तरी पायाखाली आला, तो ओढून घेतला. खांबापाशी जाऊन उभे राहिले.

"आप्प्या, तुझी भगर चांगली हाय," हे म्हणाले. "मी ती गव्हावर दळली. गिरणी पुसली नव्हती, पिशवी बदलली नव्हती. म्हातारीचा उपास मोडू नये म्हणून पळालो. विषबिष काय न्हाई. मीच तसं होऊ दिलं."

आवाज एवढासा. पण त्या बारक्या आवाजानंच मांडव गप्प झाला.

"काय म्हणाला? मोठ्यानं बोल की," कुणीतरी ओरडलं.

हे वळले. हेच शब्द पुन्हा म्हणाले, एकही न वाढवता, फक्त मोठ्यानं. हात कोपरातून उठला नाही. दोन्ही हात नारळ धरून होते.

पहिल्यांदा बोलली ती मुक्ताबाई. "मग मला उलट्या कशाच्या झाल्या?" ती भांडायच्या सुरात म्हणाली. तिच्या मागून सगळेच उठले. ज्यांना सलाईन लागलं होतं ते जास्त चिडले होते. सुंदरराव लाल झाले, कारण पेपरातल्या बातमीत त्यांचंही नाव होतं. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं, आणि हसणारेच जास्त निघाले.

आप्पारावनं पाऊल पुढं टाकलं. मला वाटलं मारतो आता. तो यांच्या तोंडाकडं बघत राहिला, मग खांबापाशीच खाली बसला.

"लई दिवस लावलेस बे," तो म्हणाला. "आठ दिवस मी माझ्या हातानं पोती हुंगतोय." आणि उठून घरी गेला. यांनी त्याला हाक मारली, तो थांबला नाही.

तुळजाबाई पुढच्या रांगेतून काठी टेकत आली. "म्हंजे त्या घासात गहू होता?"

"होता, आई."

"आन् तू हातातून काढलास."

"हो."

म्हातारीनं हिशेब लावला. "मग माझं बारावं वरीस टिकलं," ती म्हणाली. "तेवढं तरी धड केलंस मेल्या." यांच्या हातातला नारळ तिनं काढून घेतला, देवीपुढं ठेवायला. शाल गुरुजींनी हळूच मागून घेतली, पुढच्या सत्काराला कमी पडत होती. फेटा बांधलेला होता म्हणून तेवढा राहिला.

आप्पारावचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं, भेसळवाल्यांच्या कागदाची वाट न बघता गावानंच उघडायला लावलं. आमची गिरणी मात्र दसरा उलटला तरी ओस पडलेली. लोक दळण डोक्यावर घेऊन नेकनूरला जायला लागले. दुपारचा चहा मी एक कप जास्त करत होते आणि पोतं रिकामंच राहत होतं. मी यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही. त्यातलं निम्मं मला नंतर परत घ्यावंसं वाटलं, निम्मं अजून वाटत नाही.

दिवाळीच्या तोंडावरच्या एकादशीच्या आदल्या दिवशी धनश्री डबा घेऊन आली. तुळजाबाईची भगर. दारातूनच म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या, बजरंगकडंच ने, आता तो इसरायचा न्हाई."

मी आत आले. यांनी गिरणी उघडी टाकलेली, हातात फडकं, दगडासमोर उकिडवे बसलेले. फडकं हलत नव्हतं. उजवी भुवई वर. ओठ चालू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सगळं होऊन, एवढी अब्रू जाऊन, माणूस पुन्हा तिथंच!

"आता कुणाला वाचवताय?" मी ओरडले. "बिबट्या हाय का पूर?"

हे दचकले. "कुणाला न्हाई," म्हणाले. "त्या दिवसाचंच बोलतोय. आप्प्याला बोललो ते. परत परत तेच येतंय."

मी धनश्रीचा डबा खाली ठेवला.

"त्यात मी बुडत न्हाई ना?" मी म्हटलं.

"न्हाई," हे म्हणाले. "तू बसलीयस. पहिल्या रांगेत. कपाळाला आठ्या घालून."

मी खाली वाकले आणि पीठ पडायच्या तोंडाची पिशवी चाचपून पाहिली. बदललेली होती.